गोव्याच्या पावसात बाहेरचा डेक: सागवान घ्यावे की कम्पोझिट?

शापोराकाठ

नमस्कार मंडळी. शिवोलीत, शापोरा नदीच्या बाजूला, आमचे वडिलोपार्जित घर आहे आणि यंदा त्याच्या बाहेरच्या जागांत डेक, म्हणजे सांगाड्यावर फळ्या बसवून केलेली जमीन, घालायचे ठरले आहे. जागा तीन आहेत. पहिली पश्चिमेकडची उघडी गच्ची, जिच्यावर दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन असते आणि पावसाळ्यात तिरक्या सरी थेट आपटतात. दुसरी मंगळुरी कौलांच्या उतरत्या छपराखालचा सोपा, जिथे पावसाचे केवळ तुषार येतात. तिसरी परसातली, जुन्या मानकुराद आंब्याखालची जमिनीलगतची जागा, जिथे ऊन क्वचितच पोहोचते आणि वर्षभर पाने पडत राहतात.

सुताराने सागवानी फळ्यांचा अंदाज दिला आहे आणि दुसऱ्या एका कंत्राटदाराने लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या, म्हणजे कम्पोझिट किंवा डब्ल्यूपीसी म्हणतात त्या फळ्यांचा. हा दुसरा गृहस्थ 'एकदा बसवा आणि विसरून जा' असे छातीठोकपणे सांगतो. आम्ही पर्वरीला राहतो, भाऊ मुंबईला असतो, आणि जून ते सप्टेंबर घर बहुतेक बंदच असते. त्यामुळे दर वर्षी पॉलिश करणाऱ्याच्या मागे लागणे आम्हाला जमणारे नाही, म्हणून मन कम्पोझिटकडे झुकते आहे. परंतु ज्या प्रदेशात वर्तमानपत्रे पावसाने इंचांचे शतक केव्हा गाठले याची बातमी देतात, तिथे 'विसरून जा' हे वाक्य ऐकले की शंका येते. कोणा कंपनीची जाहिरात नको आहे. चार-पाच पावसाळे काढलेल्या डेकचे काय होते, एवढे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

चिरेबंदी

शंका रास्त आहे. मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे, वास्तव्य फोंड्याला. दोन्ही प्रकारचे डेक बसवून घेतले आहेत आणि दोन्ही प्रकारचे उखडतानाही पाहिले आहेत.

प्रथम कम्पोझिट म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे, कारण या एका नावाखाली अगदी भिन्न माल विकला जातो. सर्वसाधारण फळीत निम्म्याच्या आसपास किंवा थोडा अधिक लाकडाचा भुसा असतो आणि बाकीचे पॉलिएथिलीन, काही ठिकाणी पीव्हीसी, शिवाय रंग आणि उन्हापासून रक्षण करणारी रसायने. हे मिश्रण तापवून साच्यातून दाबून बाहेर काढतात. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या फळ्या बाजारात आल्या, तेव्हा त्या सर्व एकजिनसी होत्या. म्हणजे जे मिश्रण आत तेच वर, आणि लाकडाचे कण पृष्ठभागावर उघडे. असे कण पाणी पितात, रंग सोडतात आणि बुरशीला आसरा देतात. पुढे फळीभोवती शुद्ध प्लास्टिकचे पातळ कवच त्याच वेळी साच्यातून चढवण्याची पद्धत आली. बाजारात तिला कॅप्ड किंवा को-एक्सट्रूडेड म्हणतात.

तुमच्या कंत्राटदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की फळी कवचाची आहे की बिनकवचाची. दुसरा प्रश्न असा की कवच चारही बाजूंनी आहे की फक्त वरून आणि कडांना. आपल्याकडे पाणी खालूनही चढते. तळ उघडा असलेली फळी खालून ओल घेते, वरून ऊन खाते आणि कालांतराने कडा उचलून नावेसारखी वाकते. तिसरा प्रश्न, फळी भरीव आहे की पोकळ. पोकळ फळीच्या कापलेल्या तोंडातून पाणी, मुंग्या आणि माती आत जाते, आणि आत गेलेले पाणी पावसाळाभर तिथेच राहते. नमुना हातात घेऊन आडवा कापलेला तुकडा पाहिलात, तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याने न सांगताही मिळतात.

बिनकवचाची पोकळ फळी स्वस्त मिळते. उघड्या गच्चीवर ती घ्यायची असेल, तर त्यापेक्षा सागवान बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंधा

माझी डिचोलीत लाकडाची वखार आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या हिशेबाने वाचावे, ही विनंती.

लाकडाविषयी जो गैरसमज पसरला आहे तो पॉलिशविषयी आहे. सागाच्या गाभ्याचे लाकूड उन्हापावसात ठेवले आणि त्याला काहीही लावले नाही, तर ते काही महिन्यांत राखाडी होते. तो रंग वरच्या अगदी पातळ थराचा असतो. लाकडाची ताकद त्याने जात नाही. तेल मुख्यतः मूळचा सोनेरी रंग टिकावा म्हणून लावायचे असते. राखाडी रंग ज्याला चालतो, त्याची निम्मी देखभाल तिथेच संपते. साग कुजतो तो पाणी साचून राहते अशा जागी, म्हणजे जोडाच्या खाचेत, स्क्रूच्या भोकात, फळी जिथे जोइस्टवर, म्हणजे खालच्या आडव्या आधारावर, टेकते त्या पट्टीत. आणि कुजतो तो बहुधा कडेचा पांढरट भाग. हल्ली इक्वेडोर, घाना इत्यादी देशांतून येणारा लागवडीचा साग कोवळ्या झाडांचा असतो आणि त्यात हा पांढरा भाग भरपूर असतो. 'सागवान' म्हणून पैसे मोजायचे आणि बाहेर पांढरा भाग लावायचा, हा व्यवहार सर्रास चालतो. सुताराकडून लेखी घ्या की डेकला फक्त गाभा लागेल.

साग परवडत नसेल, तर माट्टी आणि किंदळ ही आपल्याच जंगलातली लाकडे आहेत. घाटावर माट्टीला ऐन म्हणतात. ती टणक आहेत, परंतु नीट सुकवलेली नसली तर पिळतात, म्हणून रुंद फळीऐवजी अरुंद पट्ट्या काढाव्यात. कोणाच्या भाटात, म्हणजे बागायतीत, साग असेल आणि तो पाडून वापरावा असा विचार असेल, तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक सावधगिरी. सध्या उष्णतेची प्रक्रिया केलेले परदेशी पाइन आणि अ‍ॅश 'कम देखभालीचे लाकूड' म्हणून दाखवले जाते. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्यामुळे ते सहजासहजी कुजत नाही. वाळवीपासून मात्र त्या प्रक्रियेने भरवशाचे संरक्षण मिळत नाही. ज्या थंड देशांतून ही पद्धत आली तिथे वाळवीचा प्रश्न आपल्यासारखा नाही. शिवोलीच्या जमिनीत तो आहे.

आबोली

काणकोणला आमचे छोटे होमस्टे आहे आणि समुद्र चालत पाच मिनिटांवर. आमच्याकडे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत, म्हणून लिहिते.

न्हाणीच्या बाहेर, जिथे पाहुणे समुद्रावरून आल्यावर पाय धुतात, तिथे बिनकवचाच्या कम्पोझिट फळ्या आहेत. पहिल्याच पावसात त्यांच्यातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळले आणि खालच्या फिक्या लादीवर त्याचे डाग पडले. हे पाणी भुशातल्या द्रव्यांचे असते, आणि ते पुढे येईनासे होते. मात्र त्यानंतर फळ्यांवर काळे ठिपके दिसू लागले. कुंचल्याने घासले की वरचे जातात, खोलवरचे राहतात. शिवाय खोबरेल तेलाचा डाग. पाहुणे अंगाला तेल चोपडून बसतात आणि बिनकवचाची फळी ते तेल पिऊन टाकते. समोरच्या सज्जावर कवचाच्या फळ्या आहेत, तिथे तेच तेल साबणाच्या कोमट पाण्याने निघते. मे महिन्यात आम्ही तिथेच सोले सुकत घालतो. भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, रस त्या फळीवर वाळला तरी त्याच दिवशी पुसला तर निघून जातो. हाच रस सागाच्या बाकावर सांडला होता, तो डाग रंधा मारल्यावरच गेला.

आता उन्हाचे. आम्ही गडद तपकिरी रंग निवडला होता, छायाचित्रात तो फार देखणा दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. लहान मुले तर सरळ उड्या मारत पलीकडे जातात. शेजारचा सागवानी बाक त्याच उन्हात असूनही हात टेकवण्याजोगा राहतो. शापोराकाठ, तुमच्या पश्चिमेच्या गच्चीसाठी फिका, वाळूसारखा रंग घ्यावा, आणि शक्य असेल तर नमुन्याची फळी दुपारी त्याच गच्चीवर ठेवून तिच्यावर स्वतः उभे राहून पाहावे.

देखभाल शून्य नाही, हे तर आहेच. चतुर्थीपूर्वी घर आवरताना एकदा आणि पाऊस गेल्यावर एकदा, अशी मऊ कुंचल्याने साफसफाई आम्ही करतो. हिरवट थर फळीतून उगवत नाही, तिच्यावर बसलेल्या धुळीवर आणि परागांवर उगवतो. म्हणून सर्वांत महागड्या फळीवरही तो येतो आणि तितकाच निसरडा असतो. प्रेशरवाली मशीन वापरायची तर पाण्याचा झोत पसरट ठेवून आणि अंतर राखून. तारेचा ब्रश मुळीच नको, त्याचे लोखंडी कण फळीत अडकून गंजतात आणि त्यांचे डाग नंतर काही केल्या जात नाहीत.

शापोराकाठ

सर्वांचे आभार. आबोलीताई, तेलाच्या आणि सोलांच्या डागांविषयी कोणत्याच माहितीपत्रकात वाचले नव्हते. आमच्या सोप्यावर तुळशीपुढच्या दिव्याचे तेल सांडते, तेव्हा ही गोष्ट आम्हाला थेट लागू आहे.

चिरेबंदीकाका, दोन्ही अंदाजपत्रकांत फळ्यांचे वर्णन सविस्तर आहे, परंतु खालच्या सांगाड्याविषयी 'एम. एस. फ्रेम, रंगासह' एवढे चारच शब्द आहेत. गच्चीवर वॉटरप्रूफिंग नुकतेच करून घेतले आहे. हा सांगाडा त्यावर कसा बसवायचा असतो? आणि पोकळ फळीपेक्षा भरीव फळी जड असते म्हणतात, तर गच्चीला त्याचा भार होईल काय?

चिरेबंदी

भारापासून सुरुवात करतो, कारण ते लवकर आटोपते. भरीव कम्पोझिटचे एक लिटर आकारमान सव्वा किलोच्या आसपास भरते, सागाचे साधारण साडेसहाशे ग्रॅम. १४० मि. मी. रुंद आणि २५ मि. मी. जाड भरीव फळी मीटरला सुमारे ४.४ किलो होते, म्हणजे चौरस मीटरला नुसत्या फळ्यांचे ३० किलो. आपल्या भारतीय मानकात वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला दीडशे किलोचा चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा भार, धरलेला असतो. तेव्हा सुस्थितीतल्या आर.सी.सी. स्लॅबला हे ओझे फार नाही. तुमची गच्ची जुन्या लाकडी वाशांवर कोबा घालून केलेली असेल, तर मात्र आधी एखाद्या अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवा, कारण तिथे ही आकडेमोड लागू नाही.

आता सांगाडा, ज्याविषयी कोणी विचारत नाही आणि ज्याच्यामुळे मी पाहिलेले बहुतेक डेक उखडावे लागले. ते 'एम. एस. फ्रेम, रंगासह' शब्द खोडून टाका. साध्या पोलादी पाइपाला रंग मारला, तर तुमच्याकडची खारी हवा त्या रंगाखाली शिरायला फार वेळ घेत नाही, आणि वर फळी असल्यामुळे गंज दिसतही नाही. फळी २५ वर्षांच्या हमीची आणि तिच्याखालचा पाइप पाच पावसाळ्यांत पापुद्रे सुटलेला, हे दृश्य मी पाहिले आहे. गॅल्व्हनाइज्ड पाइप घेतला तरी फॅब्रिकेटर तो जागेवर कापतो आणि वेल्डिंग करतो. त्या ठिकाणचा जस्ताचा थर जळून जातो आणि गंज नेमका त्याच जोडापासून सुरू होतो. प्रत्येक कापलेले तोंड आणि प्रत्येक वेल्डिंग घासून त्यावर जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यायला लावा, आणि फळ्या बसवण्यापूर्वी स्वतः उभे राहून ते पाहा. पाइपाची तोंडे टोपी घालून बंद करा.

खाडीकाठाला त्याहून चांगला पर्याय अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याचा आहे. तो महाग पडतो, परंतु घर पावसाळाभर बंद ठेवणाऱ्याला तोच परवडतो, असे मी म्हणेन. स्क्रू आणि क्लिपा स्टेनलेस पोलादाच्या घ्याव्यात आणि त्यातही ३१६ प्रतीच्या. तिच्यात मॉलिब्डेनम असल्याने मिठाच्या हवेत ती ३०४ पेक्षा अधिक टिकते. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस यांचा खाऱ्या ओलाव्यात थेट संपर्क राहिला तर अ‍ॅल्युमिनियम झिजते, म्हणून स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर असावा.

वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडू देऊ नका. उंची कमीजास्त करता येणारे प्लास्टिकचे पाय मिळतात, त्यांना पेडेस्टल म्हणतात. ते गच्चीवर नुसते ठेवायचे, त्यांच्यावर सांगाडा आणि सांगाड्यावर फळ्या. गच्चीचा मूळ उतार खाली तसाच राहतो, वरचा डेक समतल होतो आणि पाणी फटींतून पडून नेहमीच्या वाटेने जाते. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे गच्चीचे पाणी जाण्याच्या जाळीच्या, वरच्या फळ्यांची एक चौकट सुटी, उचलता येईल अशी करून घ्या. हे बांधताना केले नाही, तर पहिल्या पावसाळ्यात आंब्याची पाने ट्रॅपवर बसतील, डेकखाली तळे होईल आणि ते पाणी भिंतीत मुरेल. बाहेरून कोणाला काही कळणारही नाही.

जोइस्टांमधले अंतर कम्पोझिटला लाकडापेक्षा कमी लागते, कारण प्लास्टिक उन्हात मऊ पडते आणि दीर्घकाळच्या भाराखाली हळूहळू लचकते. उत्पादकाच्या पुस्तिकेत जे अंतर असेल तेच पाळावे. बहुधा ते ३०० ते ४०० मि. मी. यांच्या दरम्यान असते. उन्हाच्या गच्चीवर मी ३०० धरतो. कंत्राटदार ६०० वर नेऊन पाइप वाचवतो, आणि मग जड कुंड्या ठेवल्या की फळीला पोक येतो.

आणि प्रसरण. लाकूड ओलाव्याने फुगते ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. कम्पोझिट तापमानाने वाढते आणि तिची वाढ लांबीत अधिक जाणवते. जानेवारीतल्या पहाटे २० अंशांवर असलेली फळी मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापली, तर तीन मीटर लांबीमागे सुमारे ५ मि. मी. वाढते. आपले सुतार लाकडाच्या सवयीने टोकाला टोक घट्ट भिडवतात, कारण लाकडी कामात तीच सफाई मानली जाते. कम्पोझिटमध्ये असे केले की उन्हाळ्यात फळ्या एकमेकींना रेटून मधोमध उचलतात आणि क्लिपा उडतात. टोकांमध्ये आणि भिंतीपाशी फट ठेवणे म्हणजे कामातली कुचराई नव्हे, हे सुताराला आधीच समजावून सांगावे लागते. फळ्यांच्या दोन लांब कडांमध्येही ५ मि. मी. च्या आसपास फट हवी, नाहीतर पाणी आणि कचरा खाली जात नाही.

तुळशीकट्टा

मंडळी, एक भाबडा प्रश्न. डेक हवाच कशाला? आमच्या म्हार्दोळच्या घरात सोप्याला लाल सिमेंटचा कोबा आहे, आजोबांच्या काळापासून, आणि अंगणात जांभ्याचे चिरे. पाऊस पडतो, शेवाळ येते, दिवाळीपूर्वी खराट्याने आणि चुन्याने घासतो, झाले. नदीकाठच्या घराला अमेरिकेतल्या परसदाराचा साज चढवून मग त्याच्या देखभालीची चिंता करायची, हे मला उलटे वाटते.

शापोराकाठ

तुळशीकट्टाबाब, सोप्याच्या बाबतीत तुमचे म्हणणे मला पटू लागले आहे, कारण तिथला जुना कोबा अजून शाबूत आहे. गच्चीचे कारण वेगळे आहे. वॉटरप्रूफिंगवर लादी बसवली, तर पुढे गळती लागल्यावर सगळी लादी फोडावी लागते, हा अनुभव एकदा घेऊन झाला आहे. काका म्हणतात तसा पायांवर ठेवलेला डेक उचलता येतो, हे त्याचे मोठे आकर्षण आहे.

कुळागर

सत्तरी तालुक्यातून लिहितो आहे. आमच्याकडे पाऊस किनाऱ्यापेक्षा बराच अधिक असतो, त्यामुळे ओलीचे प्रयोग पाहायचे असतील तर वाळपईला यावे.

आंब्याखालच्या जागेविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून ते सांगतो. तिथे कोणत्याही साहित्याचा डेक घालू नये. जमिनीपासून वीतभर उंचीवर फळ्या घातल्या की खाली हवा खेळत नाही. फटींतून पडलेली पाने कुजून त्यांचा काळा राडा होतो आणि तो जोइस्टला चिकटून राहतो. पाण्याचा निचरा झाला नाही तर डास होतात, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. लाकूड कुजण्याचे शास्त्र एवढेच आहे की लाकडातला ओलावा शेकडा २० च्या खाली राहिला तर बुरशीला ते कुजवता येत नाही. आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत, झाडाच्या सावलीत, उघड्यावरचे लाकूड त्या मर्यादेखाली येतच नाही. कवचाची कम्पोझिट फळी स्वतः कुजणार नाही, परंतु तिच्याखालचे सर्व काही ओले राहील. वाळवीही कम्पोझिटवर सहसा पोसत नाही, मात्र जमिनीलगतच्या डेकखालून तिची मातीची नळी न दिसता घराच्या चौकटीपर्यंत चढू शकते, आणि हा धोका मला फळी खाल्ली जाण्यापेक्षा मोठा वाटतो.

आंब्याखाली चिऱ्यांचा पार बांधावा, बुंध्याभोवती माती मोकळी सोडून. चीक पडो, पाने पडोत, पाखरे घाण करोत, सगळे झाडूने जाते.

रंधा

कुळागर यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि हे मी माझे गिऱ्हाईक गमावून लिहितो आहे.

वाळवीवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. जगभरच्या बाहेरच्या लाकडी कामाला ज्या हिरवट औषधाने वाळवीपासून आणि बुरशीपासून वाचवले, ते तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण आपल्याच देशात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ मध्ये शोधून काढले. औषध गुणाचे, परंतु आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती डेकसाठी त्याचा वापर उद्योगाने स्वतःहून थांबवला, आणि कम्पोझिटला तिथे जे मोठे दार उघडले त्यात याचाही वाटा आहे. आपल्याकडे असे प्रक्रिया केलेले लाकूड मिळाले, तर त्याचे तुकडे चुलीत वा बंबात कदापि जाळू नयेत. होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात, तेही डेकला सुचवणारे भेटतील. ते लाकूड टिकवते हे खरे, पण त्वचेला फोड आणते आणि फळी काळीकुट्ट करते. बसायच्या जागेला ते चालणार नाही. जवसाचे नुसते तेलही नको. दमट हवेत बुरशी त्यावरच वाढते. बुरशीनाशक मिसळलेले डेक ऑइल घ्यावे.

आता कम्पोझिटविषयी एक व्यावहारिक बाब, जी विक्रेता सांगणार नाही. सागाची एक फळी फुटली तर गोव्यातला कोणताही सुतार तिच्या मापाची दुसरी करून बसवतो. कम्पोझिटच्या कडेला क्लिपेसाठी जी खाच असते, ती प्रत्येक कंपनीची निराळी. चार वर्षांनी तो रंग वा तो साचा बंद झाला, की त्या मापाची फळी मिळत नाही. कवचावर खोल ओरखडा पडला तर रंधा मारून तो घालवताही येत नाही, कारण आतला भुसा उघडा पडतो. म्हणून खरेदी करतानाच काही फळ्या आणि मूठभर क्लिपा जास्तीच्या घेऊन घरात सपाट रचून ठेवाव्यात. उभ्या टेकवून ठेवल्या तर उन्हाळ्यात वाकतात.

आबोली

हमीविषयीही लिहायचे राहिले होते. २५ वर्षे हा आकडा ठळक छापलेला असतो, आणि बारीक अक्षरांत बहुधा असे असते की हमी फळी कुजण्याची, तडकण्याची आणि ठरावीक मर्यादेपलीकडे रंग उडण्याची आहे. बसवण्याची मजुरी तिच्यात धरलेली नसते. पुस्तिकेत दिलेले जोइस्टांचे अंतर वा फट पाळली नाही, तर हमी संपते. होमस्टे, हॉटेल अशा व्यावसायिक जागेला वेगळी, बरीच कमी मुदत असते. आमच्याकडे सज्जाच्या दोन फळ्या उचलल्या तेव्हा विक्रेत्याने हीच कलमे दाखवली. खरेदीपूर्वी दोन कागद मागून घ्यावेत. एक म्हणजे त्या मालाची बसवण्याची पुस्तिका, आणि दुसरा म्हणजे ए.एस.टी.एम. डी ७०३२ किंवा ई.एन. १५५३४ या मानकांनुसार केलेल्या चाचणीचा अहवाल, जो नेमक्या त्याच फळीचा असायला हवा. पुस्तिका मागितल्यावर जो विक्रेता 'आमची माणसे बघून घेतील' म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये. आणि बसवताना दररोज छायाचित्रे काढून ठेवा, सांगाड्याची विशेषतः. पुढे वाद झाला तर तीच उपयोगी पडतात.

शापोराकाठ

भावाशी बोलून असे ठरले आहे. गच्चीवर चारही बाजूंनी कवच असलेली, भरीव, फिक्या रंगाची कम्पोझिट फळी, अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर आणि पेडेस्टलवर. सोप्याचा कोबा तसाच ठेवून तिथे फक्त बसायला सागाच्या गाभ्याचे दोन बाक, कारण छपराखाली साग उत्तम राहील आणि त्यावर तेल सांडले तर रंधा मारता येईल. आंब्याखाली चिऱ्यांचा पार. कंत्राटदाराला सांगाड्याचे सुधारित अंदाजपत्रक मागितले तेव्हा त्याचा चेहरा पडला, परंतु त्याने ते दिले. रक्कम पहिल्यापेक्षा बरीच वाढली आहे आणि सागवानी डेकच्या अंदाजाच्याही थोडी पुढे गेली आहे. दर वर्षीच्या माणसाच्या फेऱ्या वाचतात म्हणून आम्ही ती मान्य केली.

आता एकच प्रश्न उरतो. कंत्राटदार म्हणतो, मे महिन्यात काम उरकून टाकू, म्हणजे पावसाच्या आत होईल. मे योग्य की पाऊस संपल्यावर?

चिरेबंदी

मे चालेल, मात्र फट किती ठेवायची ते त्यावर ठरते. मे महिन्यातल्या दुपारी बसवलेली फळी आधीच जवळजवळ पूर्ण वाढलेली असते, त्यामुळे तेव्हा टोकांत कमी फट ठेवायची. तीच फळी डिसेंबरच्या सकाळी बसवली तर अधिक. पुस्तिकेत तापमानानुसार फटीचा तक्ता असतो, तो मिस्त्रीच्या हातात द्या. फळ्या आणल्याबरोबर बसवू नका. सावलीत, सपाट, दोन-तीन दिवस गच्चीवरच राहू द्या आणि मग सकाळच्या वेळी कापा. दुपारी तापलेल्या फळ्यांवर काम करू लागले, की सकाळी कापलेल्या आणि दुपारी कापलेल्या फळ्यांची मापे जुळत नाहीत, आणि मग दोष सुताराला लागतो.

माझी पसंती मात्र नोव्हेंबरला आहे, आणि त्याचे कारण फळी नाही. तुमचे वॉटरप्रूफिंग नवे आहे. त्यावर एक पूर्ण पावसाळा उघडाच जाऊ द्या. कुठे ओल उतरते का, पाणी कुठे रेंगाळते, ट्रॅप किती वेळात पाणी घेतो, हे ऑगस्टमध्ये दोन-चार वेळा पर्वरीहून जाऊन खडूने खुणा करून ठेवा. गळती निघालीच तर ती डेकखाली शोधण्यापेक्षा उघड्या गच्चीवर दुरुस्त करणे सोपे जाईल. तोवर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नका. नमुन्याची एक फळी मात्र त्याच्याकडून आताच मागून घ्या, तिचे एक टोक कापून ती जून ते सप्टेंबर गच्चीच्या कोपऱ्यात उताणी टाकून ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये तिची जाडी कापलेल्या टोकाशी आणि मध्यभागी कॅलिपरने मोजा. दोन्ही मापे सारखी आली, म्हणजे टोक पाणी पिऊन फुगलेले नसले, तर मागणी नोंदवा.

शापोराकाठ

नोव्हेंबर ठरले. नमुन्याची फळी उद्याच मागवतो, आणि आबोलीताईंच्या सांगण्याप्रमाणे पावसाळ्यापूर्वी एखाद्या दुपारी तिच्यावर अनवाणी उभाही राहून पाहतो. मापे आली की याच धाग्यावर टाकीन.